रामकुंडातून निघालेली पिशवी

संपादकांनी फोनवर सांगितलं, "गुरुजी, तुमच्या कामाविषयी लिहा, पण फार धार्मिक नको." चाळीस वर्षं रामकुंडावर दुसऱ्यांच्या आईवडिलांना निरोप देण्यात गेली, त्यातलं धार्मिक वगळून काय उरणार, असा मला प्रश्न पडला. "मग गमतीजमती लिहा," ते म्हणाले. गमती पुष्कळ आहेत, एकदोन सांगतोही. पण मला मनापासून लिहायचंय ते एका प्लॅस्टिकच्या पिशवीबद्दल आणि ती पाण्यातून बाहेर काढणाऱ्या मंडळींबद्दल. त्यांचे आभार मी तोंडानं कधी नीट मानले नाहीत. आता गुडघे गेलेत, घाट उतरवत नाही, म्हणून लेखणीनं मानतो.

आधी आमचा धंदा समजून घ्या. धंदा म्हटलं की आमच्यातल्या काहींना राग येतो, पण ज्यावर घर चाललं त्याला मी तरी दुसरं काय म्हणू? रामकुंड म्हणजे गोदावरीच्या पात्रात बांधून काढलेलं कुंड. आम्ही नाशिककर तिला गंगाच म्हणतो; कोणी "गंगेवर जाऊन येतो" म्हणाला तर तो काशीला निघाला असं इथं कुणी समजत नाही. गावोगावचे लोक माणूस गेल्यावर अस्थी घेऊन या कुंडावर येतात. मुलगा गुडघाभर पाण्यात उभा राहतो, मी पायरीवर बसून मंत्र सांगतो, आणि मी खूण केली की तो अस्थी पाण्याला वाहतो. इथल्या पाण्यात अस्थी विरघळून जातात, अशी पिढ्यानपिढ्यांची श्रद्धा आहे. माझे वडील ते सांगत, मीही प्रत्येक यजमानाला सांगायचो, आणि सांगताना माझा आवाज जरा भरदार व्हायचा. कुंडाचं मोठेपण सांगता सांगता त्यातलं थोडं आपणही वाटून घेतो.

दुसरं काम वह्यांचं. कुठल्या गावचे, कुठल्या आडनावाचे यजमान कोणत्या उपाध्यांकडे जाणार हे पूर्वापार ठरलेलं. कळवण-सटाण्याकडची बरीच घराणी आमच्याकडे. आलेल्या माणसाचं नाव, त्याच्या बापाचं, आज्याचं, भावांचं, मुलांचं नाव लांबोडक्या वहीत लिहायचं आणि खाली त्याची सही घ्यायची, नाहीतर अंगठा. पणजोबाचा अंगठा पाहून हमसून रडलेला एक पोलीस अधिकारी मला आठवतो. वहीत बघेपर्यंत त्याला आपल्या पणजोबाचं नावही ठाऊक नव्हतं.

आता गंमत. एकदा धुळ्याकडचे दोघे भाऊ आले. अंघोळी झाल्या, पंचे नेसून झाले, मी म्हटलं, "आणा अस्थी." थोरला धाकट्याकडे बघतो, धाकटा थोरल्याकडे. वडील एसटीच्या फळीवर राहिले होते, आणि गाडी पुढं इगतपुरीला निघून गेली होती. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं मडकं उतरवलं असेल. शेतीच्या वाटणीवरून दोघांत बोलणं बंद होतं, त्यामुळे विचारायचं कोणी? त्या गोंधळात त्यांना बोलावंच लागलं. दुपारी गाडी परत आली तेव्हा मडकं खिडकीजवळच्या सीटवर, गमछ्याचं वेटोळं करून त्यावर नीट ठेवलेलं होतं. कंडक्टरनं शेजारी कोणाला बसू दिलं नव्हतं.

पुढं मोबाईल आले तेव्हा एकानं अमेरिकेतल्या भावाला फोन लावून तो माझ्या तोंडासमोर धरला. "मंत्र दादालाही ऐकू जाऊ द्या." मी अर्धा विधी सांगत आणलेला, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "हॅलो, आवाज तुटतोय, पुन्हा पहिल्यापासून सांगा." मी सांगितलं पहिल्यापासून. मेलेल्या माणसाची त्याला हरकत नसावी.

प्लॅस्टिक आमच्या घाटावर कधी आलं ते नेमकं सांगता येणार नाही, पण नव्वद सालानंतर बघता बघता ते सगळीकडे झालं. आधी फुलं पळसाच्या पानात बांधून मिळत, दूध तांब्यातून येई, नैवेद्य द्रोणात. मग फुलवाल्यांनी पिशव्या धरल्या. लोक दुधाची पिशवी दातांनी फाडून गंगेला दूध घालायचे आणि पिशवीही तिलाच वाहायचे. घरचं निर्माल्य पायाखाली येऊ नये म्हणून पिशवीत भरून, गच्च गाठ मारून, पुलावरून फेकायचे. पाया पडून फेकायचे, हे विशेष. दुसऱ्यांना नावं ठेवतोय खरा, पण मीही काही मागं नव्हतो. तीळ, जव, दर्भ, फुलं, पंचा असं विधीचं सगळं सामान एका पिशवीत बांधून द्यायची युक्ती आमच्या घाटावर पहिल्यांदा मी काढली. यजमानांना सोय झाली, मला कौतुक झालं, आणि रिकाम्या पिशव्या कुठं गेल्या ते मी मान वळवून पाहिलं नाही.

मग रविवारची मंडळी आली. दहाबारा जण असायचे, कधी वीस. डॉक्टर, बँकेतले, सातपूरच्या कारखान्यातले दोघे, कॉलेजची पोरंपोरी. पुढारीण होत्या शिंदे मॅडम, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या. उंच, किडकिडीत, पायात गमबूट, हातात लांब दांड्याचं दाताळं. भाषण नाही, बॅनर नाही. उजाडता उजाडता यायचं, पिशव्या ओढून काढायच्या, आतलं निर्माल्य वेगळं करायचं, प्लॅस्टिक पोत्यात भरायचं आणि नऊच्या आत घरी जायचं.

मला ही माणसं आवडली नाहीत. खोटं कशाला बोलू? ऐन विधीच्या वेळी शेजारी खराखरा दाताळं ओढलं की माझा स्वर हलायचा. वर यजमान विचारायचे, "इथं इतकी घाण आहे का?" एकदा मी मॅडमना म्हटलं, "अहो, गंगा जगाची पापं धुते. तिला तुम्ही काय अंघोळ घालणार?"

त्यांनी दाताळ्यात अडकलेली पिशवी सोडवत उत्तर दिलं, "पापं धूत असेल गुरुजी, पिशव्या धूत नाही. नुसती पुढं ढकलते. इथली पिशवी जायकवाडीत, तिथून पुढं नांदेड, आणि मग पार बंगालच्या उपसागरात. तिथं किनाऱ्यावर माझ्यासारखीच कोणीतरी बाई वाकून कचरा वेचत असेल. तिचं काम मी इथं थोडं कमी करते."

त्यांचं बोलणं डोक्यात राहिलं. जवळचा समुद्र सोडून आमची गंगा पाठ फिरवून एवढ्या लांब जाते, हे मी शाळेत शिकलो होतो. ती आमचं काय काय घेऊन जाते याचा विचार मात्र कधी केला नव्हता.

सिंहस्थ जवळ आला होता, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कुंडातलं पाणी काढून गाळ उपसायचं काम निघालं होतं आणि मंडळी रोजच येत होती. एका सकाळी मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या दोन्ही हातांत एक पिशवी होती. एरवी त्या पिशव्या दोन बोटांत धरत, ही मात्र ओंजळीत धरावी तशी धरली होती.

"पायऱ्यांखालच्या खोबणीत अडकली होती," त्या म्हणाल्या. "आम्ही प्रत्येक पिशवी उघडून रिकामी करतो. ही नाही उघडली. तुम्ही बघा."

वरच्या रंगीत पिशवीच्या फाटून चिंध्या झाल्या होत्या, पण तिच्यावरचं कळवणच्या खतांच्या दुकानाचं नाव वाचता येत होतं. आतली पिशवी जाड, पारदर्शक, तोंडाशी दुहेरी गाठ. त्या गाठीच्या आत अस्थी होत्या. राख होती, आणि ती राख कोरडी होती. राखेत अर्धी बुडालेली पितळेची एक शिट्टी होती.

मी शिट्टी निरखून पाहिली. ती मी ओळखली. तीनेक वर्षांपूर्वी कळवणजवळच्या एका गावाहून निवृत्ती आहेर नावाचा शेतकरी वडिलांच्या अस्थी घेऊन आला होता. वडील, केदू आहेर, एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनं मला भीत भीत विचारलं होतं, "गुरुजी, त्यांची शिट्टी संगं टाकली तर चालंल का?" मी म्हटलं होतं, चालेल. त्या दिवशी गर्दी होती, मागं तीन घरं ताटकळत होती. निवृत्ती पाण्यात, त्याची आई इतर बायकांबरोबर वरच्या पायरीवर, आणि माझी नजर पुढच्या यजमानाच्या सामानावर. मी मंत्र म्हणत हातानं खूण केली आणि त्यानं अस्थी वाहिल्या. पिशवीसकट वाहिल्या. मी बघितलंच नाही. मंत्रात एक अक्षर चुकू नये म्हणून जपणारा मी, समोरच्या माणसाच्या हातात काय आहे ते बघत नव्हतो.

म्हणजे केदू आहेर तीन वर्षं ना इथला ना तिथला, प्लॅस्टिकमध्ये अडकून पडला होता, आणि त्याला तिथं अडकवणारा मी होतो. अशा आणखी किती पिशव्या पुढं वाहत गेल्या असतील, कोण जाणे.

आमच्या चुलत घराण्यातले अण्णा माझ्याहून वडील. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मुकाट्यानं गाठ कापून वाहून मोकळा हो. कोणाला कळणार आहे? कळवायला गेलास तर तो घाटावर येऊन बोंब मारील. इथं अस्थी विरघळतात म्हणून सांगतोस आणि हातात पिशवी घेऊन फिरतोस, शोभतं का?"

अण्णांचं चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. मॅडमना मी विचारलं, "तुम्ही कोणाला बोललात का?"

"नाही, आणि बोलणारही नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं काम आहे, तुम्ही ठरवा." त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर मी भांडून मोकळा झालो असतो. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

अस्थी घरात नेत नाहीत, म्हणून पिशवी फडक्यात बांधून परसातल्या कडुनिंबाला टांगली. चार दिवस ती तिथं होती. जेवायला बसलो की दारातून दिसायची. चौथ्या दिवशी बायको वाढता वाढता म्हणाली, "परक्याचा माणूस आपल्या झाडाला किती दिवस ठेवणार आहात? त्याच्या बायकोला कळवा." मी हात धुतला आणि वही काढली. निवृत्ती केदू आहेर, गावाचं नाव, खाली शाळकरी अक्षरात सही. वही नसती तर मला सबब मिळाली असती. ती होती म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या कळवण गाडीत बसलो.

निवृत्ती कांद्याच्या चाळीवर होता. उपाध्ये घरी आले म्हणून त्यानं धावत येऊन पाय धरले, खाटेवर घोंगडी अंथरली, चहा सांगितला. चहा येईपर्यंत मला धीर झाला नाही. कप खाली ठेवून मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पिशवी, गाठ, शिट्टी, माझी दुसरीकडे लागलेली नजर. त्याची आई सोनाबाई दाराच्या चौकटीशी लसूण सोलत बसली होती.

निवृत्तीचा चेहरा उतरत गेला. "तुम्ही तर म्हणले व्हते, इथं अस्थींचं पाणी व्हतं," तो म्हणाला. "आम्ही गावाला तेच सांगितलं. तीन साल झाले गुरुजी. दोन साल कांदा सडला, बैल मेला. लोक म्हणत व्हते, घरात काहीतरी अडकेल हाय. मी त्यांच्याशी भांडलो."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "विधी पुन्हा करतो. तुमच्याकडून काही घेणार नाही. आणि शिव्या द्यायच्या असतील तर त्या ऐकायलाच आलोय."

तो उठून अंगणात गेला आणि पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, आता गाव गोळा होणार. तेवढ्यात सोनाबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "पिशवी कोणी काढली बाहेर?"

"शिंदे मॅडम म्हणून आहेत. कॉलेजात शिकवतात. रविवारी घाट साफ करतात."

"पगार भेटतो का त्याचा?"

"नाही. आपल्या मनानं करतात."

त्यांनी हातातली लसणाची पाकळी सोलून ताटात टाकली. मग म्हणाल्या, "रविवारीच येतो आम्ही. त्या बाईला थांबाय सांगा." त्यांना धक्का बसल्याचं काही दिसलं नाही, याचं मला परतीच्या गाडीत नवल वाटत राहिलं. म्हातारी माणसं सोसून घेतात, अशी मी माझी समजूत घातली.

रविवारी मायलेक पहिल्या गाडीनं आले. कुंडात पाणी परत सोडलं होतं, नितळ होतं, खालचा दगड दिसत होता. इतकं स्वच्छ पाणी मी लहानपणानंतर प्रथमच बघत होतो. मॅडम आणि त्यांची मंडळी दाताळी खाली ठेवून बाजूला उभी राहिली. अण्णाही आले, जरा लांब उभे राहिले. निवृत्ती पंचा नेसून पाण्यात उतरला. सोनाबाई रिवाजाप्रमाणे वरच्या पायरीवर थांबल्या.

मी मंत्र सुरू केला आणि या वेळी डोळे त्याच्या हातांवर ठेवले. निवृत्तीला गाठ सुटेना. तीन वर्षं पाण्यात राहून ती दगडासारखी घट्ट झाली होती. त्यानं नखं लावली, दात लावायला तोंडाजवळ नेली आणि कचरला. बापाच्या अस्थींना दात कसा लावणार? कोणीतरी पुढं होऊन कात्री देऊ केली. तेवढ्यात वरून सोनाबाई उतरल्या. तिसरी पायरी, दुसरी, आणि लुगडं भिजत थेट पाण्यात.

"ऱ्हाऊ दे, तुले नही जमाव," त्या लेकाला आपल्या अहिराणीत म्हणाल्या आणि पिशवी त्याच्या हातातून घेतली. "गाठ मी मारेल हाय. एसटीत सांडू नये म्हणून."

अण्णा खाकरले. बायका विधीच्या पाण्यात उतरत नसत, निदान आमच्या पायरीवर तरी नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सोनाबाईंनी गाठ अंगठ्यानं दाबून, मागं ढकलून, कुठून तरी एक पदर सैल केला. मग दुसरा. आणि मान वर न करता, हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी पाह्यलं व्हतं, गुरुजी. तव्हाच. पिशवी तशीच गेली ते मला वरून दिसलं व्हतं."

माझा मंत्र थांबला. "मग बोलला का नाही?"

"बायकांनी वर उभं राहायचं, मधी बोलायचं नाय, असं तुम्हीच सांगेल व्हतं."

तीन वर्षं. कांदा सडला तेव्हा, बैल मेला तेव्हा, लोक बोलले आणि लेक त्यांच्याशी भांडला तेव्हा, प्रत्येक वेळी ती बाई हे मनात घेऊन बसली होती. मी तिच्या घरी जाऊन कबुली दिली तेव्हा मला वाटलं होतं, मीच मोठा भार वाहून आणलाय. निवृत्ती आईकडे बघत राहिला. मॅडमनी तोंड फिरवून चष्मा पुसला. मी हात जोडले. यजमानासमोर उपाध्यानं हात जोडायचे नसतात, तेही मला ठाऊक होतं.

गाठ सुटली. सोनाबाईंनी रिकामी होत चाललेली पिशवी डाव्या हातात धरली आणि उजव्या हातानं अस्थी पाण्यात सोडल्या, थोड्या थोड्या, घाई न करता. शिट्टीही सोडली. पिशवी त्यांनी मॅडमपुढं केली. मॅडमनी ती पोत्यात टाकली. सोनाबाईंनी ओल्या हातानं मॅडमचा दंड क्षणभर धरून ठेवला.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत माझ्या पायरीवर विधीला बायका खाली उतरल्या आणि पिशवी कधी पाण्यात गेली नाही. पण माझ्या कामातली सुधारणा म्हणून हे सांगत नाही. ते शहाणपण माझं नव्हतं. मॅडम आणि त्यांच्या मंडळींनी वाकून उचललं, एका बाईनं तीन वर्षं सोसलं, तेव्हा कुठं ते माझ्यापर्यंत आलं. मला त्याबद्दल कृतज्ञ राहण्यापलीकडे काही करता येत नाही.

त्या दिवशी पुढचा मंत्र मला आठवत होता, पण मी म्हटला नाही. इतक्या वर्षांत कोणाला विचारलं नव्हतं ते विचारलं, "बाई, अस्थी पाण्याला लागल्या का?"

त्या वाकून बराच वेळ तळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लागल्या. आता म्हणा तुमचं पुढचं."